सरांचा बँड

तयार जेलचा खोका आमच्या प्रयोगशाळेत आला, त्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी मी तो दोनदा उघडून बघितला. नांदेडच्या उन्हाळ्यात हातानं जेल ओतणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दोन काचांच्या बारीक फटीत द्रावण ओतायचं आणि ते खरवसासारखं धरेपर्यंत श्वास रोखून बसायचं. एप्रिल-मेमध्ये ते काचेत जायच्या आधी भांड्यातच धरायचं. थंडीत धरायचंच नाही, खालून गळून टेबलावर यायचं. आता मात्र चपट्या प्लास्टिकच्या कवचात बसवलेली, कारखान्यातून आलेली जेल हाती आली होती. विभागातला दुसरा एक प्रकल्प संपला, त्यातला अर्धा खोका उरला आणि मुदत संपत आली म्हणून तो आमच्याकडं सरकवला गेला. पुन्हा असा खोका मिळणार नव्हता, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

जेलमध्ये घडतं ते एवढंच. बियांची पूड करून काढलेला अर्क वरच्या खाचांमध्ये भरायचा आणि वीज सोडायची. प्रथिनं खाली धावत सुटतात, लहान पुढं, मोठी मागं. मग निळ्या रंगात बुडवलं की प्रत्येक प्रथिनाची एक आडवी रेघ दिसते. त्या रेघेला आम्ही बँड म्हणायचो.

आमचं काम तुरीवर होतं. उभं पीक वाळवून टाकणारा मर रोग मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. माझ्या सरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मर रोगाला दाद न देणाऱ्या एका वाणात एक बँड शोधला होता. गावरान तुरीत तो दिसत नव्हता. म्हणजे रोपाची वाट न बघता नुसतं बी तपासून मर न लागणारी तूर निवडता येईल, असा त्याचा अर्थ. त्यावर सरांचे लेख होते, प्रकल्प होता, माझ्या आधीच्या एका सिनियरचा अख्खा प्रबंध होता. लॅबमध्ये त्याला 'सरांचा बँड'च म्हणत. मी घरी फोनवर हे नाव घेतलं तेव्हा माय म्हणाली, "लग्नात वाजवतेत का काय तुझे सर?"

सर धर्माबादकडच्या शेतकरी घरातले. घरची जमीन मोठी, बोलणं मोकळं, हसणं दोन खोल्यांपलीकडं ऐकू जाईल असं. पीएचडीला जागा शोधताना माझं आडनाव विचारून झाल्यावर दोन ठिकाणी 'जागा भरल्या' असं उत्तर मिळालं होतं. सरांनी आडनाव विचारलंच नाही. "पिपेट धरता येती का?" एवढंच विचारलं आणि येत नव्हती म्हणून त्याच दिवशी शिकवली. हे सांगायचं कारण, पुढं जे झालं त्यात मला जे वाटलं, ती नुसती भीती नव्हती.

लातूरला एक चर्चासत्र होणार होतं. बियाणं तयार करणारे पैदासकार तिथं येणार होते आणि सर मुख्य वक्ते होते. "हातच्या जेलचे फोटो धुरकट येतेत," सर म्हणाले, "तू त्या नव्या जेलवर एक झकास फोटो काढून दे. बघताक्षणी पटलं पाहिजे."

आमच्याकडं मर न लागणाऱ्या वाणाचं बी एका पत्र्याच्या डब्यात होतं. वर्षानुवर्षं सगळे त्याच डब्यातून मूठभर घेत आलेले. डबा तळाला आला होता, म्हणून मी लातूरच्या ओळखीतून त्याच वाणाचं ताजं बी मागवलं होतं. त्या जेलवर मी तिन्ही भरले. डब्यातलं बी, त्याच वाणाचं ताजं बी आणि बाजारातून आणलेली ताजी गावरान तूर.

रंग उतरत गेला तशा रेघा वर आल्या. इतक्या स्वच्छ रेघा मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. डब्यातल्या बियांच्या रांगेत सरांचा बँड ठसठशीत होता. गावरान तुरीत नव्हता. आणि ताज्या बियांच्या रांगेतही नव्हता.

मी जेल उलटं धरून बघितलं, खिडकीशी नेऊन बघितलं. खाचा मोजताना चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजल्या. बी बदललं गेलं असेल म्हणून पिशवीवरची चिठ्ठी वाचली. दुसऱ्या दिवशी नव्यानं पूड केली, नव्यानं उकळलं, दुसरं जेल लावलं. तेच. वाण एकच, पण जुन्या बियात बँड होता आणि नव्यात नव्हता.

त्या दिवशी मेसमध्ये ताटावर बसल्या बसल्या एक विचार मनात आला आणि घास तसाच राहिला. इतकी वर्षं सगळ्यांनी जुन्या डब्यातलं बी दरवर्षीच्या ताज्या गावरान तुरीशी ताडून बघितलं होतं. हा बँड रोगाशी झुंजणाऱ्या प्रथिनाचा नसेलच तर? बी नुसतं पडून पडून जुनं झालं, त्यातलं मोठं प्रथिन तुटलं, आणि त्याचा तुकडा आपण रेघ म्हणून बघत असू तर?

खरं-खोटं करायचा रस्ता एकच होता. गावरान तुरीचंच जुनं बी पाहिजे होतं. तसलं बी कोण ठेवतं? मी मायला फोन लावला.

"तुझ्या मामाकडं असंल की," माय म्हणाली. "सोयाबीन धरल्यापासून तूर पेरलीच कुठं त्यानं? कोठीत राख लावून तसंच हाय पडलेलं. पण तुला काय करायचंय? शिजायचं बी न्हाई ते."

रविवारी मी एसटीनं शिरूर अनंतपाळला गेले. आमचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मामाचं गाव तिथून जवळच. मामानं राखेत हात घालून तूर काढली, फुंकून माझ्या रुमालात बांधली आणि म्हणाला, "ही तपासून सरकारी नोकरी लागती का?" सगळे हसले. मीही हसले, पण परतीच्या गाडीत तो रुमाल मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

मामाच्या तुरीत सरांचा बँड होता. गावरान, मर लागणारी, साधी तूर. रेघ अगदी त्याच जागी.

सरांना कसं सांगायचं, हे मला ठरवता येईना. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि मागं फिरायची. एकदा आत गेले तर ते फोनवर कुणाला तरी लातूरच्या भाषणाचं सांगत होते, मोठ्यानं हसत होते. मी "नंतर येते" म्हणून बाहेर पडले. चर्चासत्र जवळ आलं. त्यांनीच बोलावलं.

"फोटो कुठाय?"

मी फोटो टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबा, ताजं बी, मामाची तूर. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुझं म्हणणं, मी इतकी वर्षं झोपून राहिलो होतो?"

"तसं न्हाई सर."

"मग कसं? मामाच्या कोठीतली तूर आणून तू माझं काम खोटं पाडायलीस! ती गावरानच हाय कशावरून? भेसळ असंल. किडकी असंल. तुझा हातच चुकला असंल."

"दोनदा केलंय सर."

"दोनदा चुकली असशील!"

आवाज बाहेर गेला असणार, कारण व्हरांड्यातली बोलणी थांबली. हा माणूस मला उद्या 'दुसरा गाइड बघ' म्हणाला तर मी कुठं जाणार होते? दोन ठिकाणची उत्तरं मला तोंडपाठ होती. तरी फोटो उचलून परत घ्यावेत असं काही वाटलं नाही. ते टेबलावर तसेच राहिले आणि सर त्यांच्याकडं बघत राहिले.

मग म्हणाले, "आपल्या लॅबमध्ये नको. तुझ्याबी हातानं नको. लातूरला एक दिवस आधी जाऊ. तिथं माझी वर्गमैत्रीण हाय, तिच्यासमोर करू. चारी बियाणं घे. माझ्या वाणाचं जुनं आन् ताजं, गावरानचं जुनं आन् ताजं. ती ट्यूबांवर अक्षरं टाकंल. कशात काय, हे तुलाबी कळणार न्हाई, मलाबी न्हाई. माझ्या वाणाच्या दोन्हीत बँड आला तर तू चूक."

"आणि दोन्ही जुन्यांत आला तर?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि फोन उचलला.

खोक्यात आता एकच जेल उरलं होतं. शेवटची दोन होती, पण एक फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून गोठलं होतं, आणि गोठलेलं जेल वाया गेल्यातच जमा. म्हणून बर्फाच्या डब्यात नेतानाही ते बर्फाला टेकता कामा नये आणि गरमही होता कामा नये. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, टॉवेलवर ठेवलं आणि डबा मांडीवर घेऊन सरांच्या गाडीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर आलं. चहाला थांबलो तरी मी डबा घेऊनच उतरले. एरवी सर रस्ताभर शेतांकडं बोट करून कुणाचं पीक कसं आहे ते सांगायचे. त्या दिवशी चाकूरपर्यंत त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही. मग एकदाच म्हणाले, "झाकण नीट लाव. ऊन यायलंय."

लातूरच्या मॅडम सरांना 'तू' म्हणणाऱ्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढून दार लावलं आणि ट्यूबांवर क, ख, ग, घ लिहून आणलं. कशात काय आहे ते त्यांच्या मोबाइलमध्ये राहिलं. अर्क उकळताना खोलीत नेहमीचा सडक्या अंड्यासारखा वास पसरला. मॅडमनी खिडक्या उघडल्या.

"भरणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," सर म्हणाले.

सरांनी बऱ्याच वर्षांत पिपेट हातात धरलेली मी बघितली नव्हती. त्यांनी जेलचं पाकीट फाडलं, कवच टाकीत बसवलं, वीज वाहून नेणारं बफरचं पाणी ओतलं. त्यांनी प्रत्येक खाच न सांडता भरली. अर्क कुठवर धावला ते दिसावं म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असतो, ते निळे थेंब जड होऊन तळाशी बसले. मला मनातून बरं वाटलं. कितीही झालं तरी पिपेट मला यांनीच शिकवली होती.

झाकण लावलं. मॅडमनी बटण दाबलं. चालू जेलमध्ये तारेवरून बारीक बुडबुडे उठतात, सोडावॉटरसारखे. बुडबुडे उठले नाहीत. यंत्रावरचा आकडा शून्याजवळच राहिला.

"वायर बघ," सर म्हणाले. वायर नीट होती. मॅडमनी दुसरी वायर आणली. तेच. मी टाकीशी वाकून खालून बघितलं आणि मला ती दिसली. कवचाच्या बुडाला चिकटवलेली पट्टी.

तयार जेलच्या खाली एक चिकटपट्टी असते. ती ओढून काढल्याशिवाय वीज जेलमधून जाऊच शकत नाही. हातानं ओतलेल्या जेलला अशी पट्टी नसते, आणि सरांनी आयुष्यभर हाताचीच जेल लावली होती. काढली असेल असं मी धरून चालले होते.

"सर, पट्टी राहिली."

"कसली पट्टी?"

मी दाखवली. पट्टी काढायची तर कवच बाहेर उचलावं लागणार, आणि उचललं की खाचांतला अर्क बफरमध्ये मिसळून जाणार. दुसरं जेल नव्हतं. जेलमधून वीज वाहिलीच नव्हती, म्हणजे आत काही शिरलं नव्हतं, एवढाच काय तो आधार. खाचा धुऊन पुन्हा भरता आल्या असत्या. पण ट्यूबांत अर्क उरला होता तो तळाशी, कसाबसा एकदा भरण्यापुरता.

सर खुर्चीवर बसले. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. मग त्यांनी टेबलावरची पिपेट माझ्याकडं सरकवली.

"तू भर."

"सर, माझ्या हातानं नको म्हणाला होतात."

"अक्षरं तुलाबी माहीत न्हाईत. भर."

मी कवच उचललं. निळं पाणी धुरासारखं पसरलं. पट्टी ओढली, ती करकर आवाज करत सुटली. बफरनं प्रत्येक खाच हळूहळू धुतली. कंगव्यासारख्या त्या भिंती इतक्या पातळ असतात की एक जरी वाकली तरी दोन रांगा एकमेकींत मिसळतात. मग पिपेटचं टोक ट्यूबच्या अगदी तळाला लावून उरलेलं ओढून घेतलं. 'ग'च्या ट्यूबमध्ये पिपेट मध्येच हवा ओढायला लागली. मी थांबले, ट्यूब टेबलावर हलकेच आपटली, थेंब गोळा होऊ दिला आणि पुन्हा घेतला. शेवटची खाच भरून हात मागं घेतला तेव्हा माझी बोटं वळेनात.

मॅडमनी बटण दाबलं. बुडबुडे आले.

निळी रेघ खाली जाईपर्यंत कुणीही खोलीबाहेर गेलं नाही. मग कवच उघडून ते मऊ, पारदर्शक जेल रंगात टाकलं, नंतर काचेच्या डब्यात धुवायला ठेवलं. आम्ही तिघं डब्यावर वाकून उभे होतो. आधी सगळंच निळं. मग मागचं फिकट व्हायला लागलं आणि रेघा एकेक करून वर यायला लागल्या. सरांचा बँड दोन रांगांत आला. 'ख' आणि 'ग'.

"वाच," सर म्हणाले.

मॅडमनी मोबाइल काढला, बघितला आणि आधी सरांकडं पाहिलं. तेवढ्यावरूनच मला कळलं. "ख म्हणजे तुझ्या डब्यातलं जुनं. ग म्हणजे जुनी गावरान."

मी जिंकले असं मला एक क्षणभरही वाटलं नाही. उलट आत्ताच्या आत्ता कुणीतरी यात चूक काढावी असं वाटत होतं. सरांनी डबा उजेडाच्या पेटीवर ठेवला आणि खूप वेळ बघितलं. त्या रेघेवर त्यांनी बोट फिरवलं, जेलला न टेकवता.

"किती स्वच्छ आलाय," ते म्हणाले. आणि मग, "याचा फोटो काढ. उद्या हाच दाखवू."

"सर, भाषण बदलता येईल. दुसऱ्या विषयावर..."

"हाच."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सरांनी आधी जुना फोटो दाखवला, त्याच्या शेजारी नवा. आवाज न चढवता, वर्गात शिकवावं तसं सांगितलं की जो बँड मी रोगप्रतिकाराचा म्हणत आलो तो जुन्या बियांचा आहे, माझ्या विद्यार्थिनीनं हे दाखवलं आणि काल मी स्वतः बघितलं. कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतून एक पैदासकार उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सर, तुमच्या बँडवर आम्ही रोपं निवडली. ज्यात बँड न्हाई ती वाणं काढून टाकली. त्यातली चांगली किती गेली, ते कोण सांगणार?"

सर माइकपासून जरा मागं सरकले. ते काही कारण सांगतील, बियाण्याच्या डब्यावर ढकलतील, नाहीतर माझ्या मामाच्या तुरीवर शंका काढतील, असं मला वाटलं.

"कुणीच न्हाई सांगू शकणार," सर म्हणाले. "चूक माझी हाय. दोन्ही बियाणं एका वयाची घ्यायला पाहिजे होती. पहिल्या वर्षाच्या पोरालाबी कळती ही गोष्ट. मला कळली न्हाई."

ते पैदासकार बसले नाहीत, उभेच राहिले, आणि मग पिशवी उचलून निघून गेले. टाळ्या झाल्या त्या विरळ. जेवणाच्या वेळी सरांच्या टेबलाशी कुणी फारसं आलं नाही. मॅडम आल्या आणि त्यांच्या ताटात एक पोळी टाकून शेजारी बसल्या.

नंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. प्रकल्प पुढं वाढला नाही. सरांनी आपल्या लेखातली चूक तो छापणाऱ्या मासिकाला स्वतः कळवली. माझा विषय बदलला. साठवणीत तुरीची प्रथिनं कशी तुटतात यावर मी काम केलं आणि मला बाकीच्यांपेक्षा उशीर झाला. ज्या सिनियरचा प्रबंध त्या बँडवर होता, त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. मी त्याला दोष देत नाही. सर पहिल्यासारखं हसायला लागले, पण वर्ष गेलं मध्ये. ते पुन्हा हातमोजे घालून लॅबमध्ये येऊ लागले, आणि कुणी काही निकाल आणला की पहिला प्रश्न विचारायचे, "बियाणं कुठलं, कधीचं?"

माझ्या तोंडी परीक्षेला वडील आले होते. डेपोतून सुट्टी काढून, इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत एका टोकाला बसले. बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारत होते आणि मी उत्तरं देत होते. मध्ये एकदा मागं नजर गेली तर सर पहिल्या रांगेतली आपली खुर्ची सोडून वडिलांच्या शेजारी जाऊन बसले होते. दोघांची डोकी जवळ आली होती.

संध्याकाळी बसस्थानकावर मी वडिलांना विचारलं, "सर काय म्हणत होते?"

"इंजिनाचं विचारत होते," वडील म्हणाले. "म्हणले, गाडी चालू होत न्हाई तवा तुमी आधी काय बघता? मी सांगितलं, करंट पोचतोय का ते. त्यांनी नीट ऐकलं." मग गाडी लागली आणि ते पिशवी घेऊन खिडकीच्या जागेवर जाऊन बसले.